पिठाचं रिंगण

आमच्या प्रकाशा गावात कोणी बोअरसाठी नाहीतर घराच्या पायासाठी जरा खोल खणायला घेतलं, की बांधावरून जाणारा माणूस हमखास विचारतो, "काय, लागलं का काही?" विचारणारा हसत असतो, ऐकणाराही हसतो. पण दोघांच्याही डोळ्यांपुढून क्षणभर एक हंडा चमकून जातो. गावच तसं आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं, दक्षिण काशी म्हणवून घेणारं, केदारेश्वराच्या घाटावर बाराही महिने अस्थी घेऊन येणाऱ्यांची ये-जा असलेलं. आणि संगमालगत जुन्या वस्तीचं एक पांढरीचं टेकाड. जुन्या पांढरीत सोनं असतं, त्यावर नाग बसलेला असतो, तो हंडा फक्त पायाळू माणसाला दिसतो आणि तो वर काढायचा तर आधी काहीतरी 'द्यावं' लागतं. ही माहिती मला शाळेत जायच्या आधीपासून आहे. कोणी दिली ते सांगता येणार नाही. आजीने सांगितलं असेल, नाहीतर उन्हाळ्यात ओट्यावर निजलेल्या मोठ्या माणसांच्या गप्पांतून कानावर पडलं असेल.

म्हणून 'तुंबाड' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो भुताचा सिनेमा वाटलाच नाही. गुप्तधनाची गोष्ट वाटली. तीही मोबाईलच्या वीतभर पडद्यावर, वीज गेलेली असताना, कानात वायरी खुपसून पाहिलेली. या सिनेमाचं छायाचित्रण मोठ्या पडद्यासाठी केलेलं आहे हे खरं, पण अंधारात एकट्याने पाहिलेला तो पहिला 'तुंबाड' मी कुठल्याही चकचकीत थिएटरच्या बदल्यात देणार नाही.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं. समृद्धीची देवी सगळ्या देवांची आई. तिच्या उदरात अमाप सोनं आणि अमाप धान्य. तिचं पहिलं आणि लाडकं लेकरू म्हणजे हस्तर. त्याने सोनं तर घेतलंच, पण धान्यावरही हात टाकला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, पण एका अटीवर : त्याची पूजा कधीही व्हायची नाही. तेव्हापासून तो आईच्या गर्भात पडून आहे. अंगावर फक्त लंगोटी, लंगोटीत सोन्याच्या मुद्रा आणि पोटात न शमणारी भूक. तुंबाडच्या एका घराण्याने त्याचं देऊळ बांधलं. देव कोपले आणि त्या गावावर पाऊस कोसळू लागला, तो थांबेचना.

गोष्ट १९१८ साली सुरू होते, १९३३ मध्ये पुढे सरकते आणि १९४७ मध्ये संपते. लहानपणी वाड्यातल्या धनाचा वास लागलेला विनायक मोठेपणी परत येतो, देवीच्या गर्भात उतरायचा मार्ग शोधतो आणि हस्तरला पिठाच्या बाहुलीचं आमिष दाखवून त्याच्या लंगोटीतून मुद्रा चोरू लागतो. पुढे मुलालाही तेच शिकवतो. हस्तरने ज्याला शिवलं तो मरत नाही, सडत राहतो. बस्स, एवढंच. यात अतृप्त आत्मा नाही, सूड नाही, दर अमावस्येला दिवे घालवून येणारी पांढऱ्या साडीतली बाई नाही.

मराठी वाचकाला या सिनेमाची वंशावळ सिनेमाइतकीच रंजक वाटावी अशी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ साली, राही शाळकरी वयाचे असताना, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना एक गोष्ट सांगितली आणि त्यांची झोप उडाली. गोष्ट नारायण धारपांची होती, 'आजी'. वाडा, एकटं पोर आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी. धारप (१९२५-२००८) म्हणजे ज्यांच्या पुस्तकांनी मराठीतल्या दोन पिढ्यांना रात्री मोरीपर्यंत जाणं मुश्किल करून ठेवलं, ते. धारपांनी परदेशी भयकथांचं मराठी रूपांतर भरपूर केलं आणि ते इतकं सराईत केलं की मूळ कुठलं हे वाचकाने विचारायचं कारण उरलं नाही. 'आजी'चं मूळ अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामा' या कथेत आहे.

आता त्या 'ग्रामा'कडे जरा बारकाईने पाहा. तिथेही एक मुलगा आजारी आजीबरोबर घरात एकटा सापडतो. आणि ती आजी उठली तर तिला झोपवायचं कसं? एक विशिष्ट नाव घेऊन. ते नाव आहे 'हास्टुर'. 'तुंबाड'मध्ये साखळदंडाने बांधलेल्या आजीला झोपवायला जे नाव घ्यावं लागतं ते 'हस्तर'. एका अक्षराची ही ओढाताण म्हणजे या सिनेमाची नाळ आहे.

पण हास्टुर किंग यांचाही नव्हे. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने १८९१च्या सुमारास एका मेंढपाळाची गोष्ट लिहिली, तिच्यात हास्टुर हा मेंढपाळांचा कनवाळू देव होता. कळपांची राखण करणारा, आपल्याकडच्या म्हसोबा-बिरोबाच्या पंगतीत बसावा असा. चार वर्षांनी रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं आणि एका शापित वातावरणात नेऊन ठेवलं. मग एच. पी. लव्हक्राफ्टने १९३०च्या आसपास त्याचा ओझरता उल्लेख केला आणि त्याच्या चाहत्या लेखकांनी त्यातून विश्वाबाहेरचा एक महाभयंकर जीव घडवला. मेंढ्या राखणारा देव चाळीस-पन्नास वर्षांत राक्षस झाला. तिथून किंग, आणि शेवटी कोकणातल्या एका गढीवजा वाड्याखाली लंगोटी घालून बसलेला भुकेला पोर. लोककथा अशाच फिरतात, फक्त या वेळी फिरवणारे लोक छापखान्याचे होते. 'तुंबाड'ला परक्या कल्पनेची उसनवारी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की त्या सगळ्या इंग्रजी हास्टुरांपैकी एकाला तरी कणकेचा वास येतो का?

नावही असंच दुसऱ्याकडून आलेलं. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ची. जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याच्या पिढ्यांची गोष्ट. सिनेमाने तिच्यातून कथा घेतलेली नाही, गावाचं नाव तेवढं घेतलं. पण घराणं, वाडा आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणारा हव्यास हे नावाबरोबर आपोआप आलं असावं, असं मला वाटतं.

पहिला खर्डा १९९७चा, तेव्हा बर्वे अठरा वर्षांचे होते. पुढे २००९-१०च्या सुमारास त्यांनी प्रत्येक दृश्य चितारून सातशे पानांचं चित्रबाड तयार केलं. चित्रीकरण २०१२ साली सुरू झालं. ते जोडून पाहिल्यावर जे हवं होतं ते साधलेलं नाही असं ठरलं, आणि बराच भाग पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून २०१५ उजाडलं. पडद्यावर यायला २०१८चा ऑक्टोबर लागला. निर्माता आणि नायक सोहम शाह, सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, छायाचित्रकार पंकज कुमार. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचं, शीर्षकगीत अजय-अतुल यांचं. वाडा सासवडचा, सरदार पुरंदऱ्यांचा. भिंती जाड, दरवाजा हत्ती जाईल एवढा, आणि वर सतत गळणारं आभाळ.

तो पाऊस खानदेशातल्या माणसाने पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. आमच्याकडे पाऊस म्हणजे वाट पाहायची गोष्ट. मृगात आभाळाकडे बघून कपाशीची लावणी करायची आणि मग रोज पुन्हा आभाळाकडेच बघायचं. पाऊस हा शाप असू शकतो हे आम्हाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. इतिहासातलं १९१८ तर याच्या अगदी उलट होतं. त्या वर्षी मोसमी पावसाने देशाच्या मोठ्या भागाला दगा दिला, धान्याचे भाव चढले आणि मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ अर्धपोटी माणसांना कापत गेली. सिनेमात याचा उल्लेख नाही. पण सोन्यात लोळणारा आणि धान्यावाचून तडफडणारा देव नेमका त्या सालात दाखवावा, हा योगायोग असला तरी फार बोलका आहे.

आता मुख्य मुद्दा. हा सिनेमा घाबरवतो कसा?

भयपटाची नेहमीची रीत अज्ञानाची असते. दाराआड काय आहे ते ठाऊक नसतं, म्हणून दार उघडताना छातीत धडधडतं. आमच्या लहानपणी रामसे बंधूंचे सिनेमे हीच रीत वापरायचे. शहरात समीक्षक त्यांची टर उडवायचे, पण 'पुराना मंदिर' (१९८४) किंवा 'वीराना' (१९८८) आमच्याकडच्या तालुक्याच्या गावी आणि यात्रेतल्या तंबूत धो धो चालायचे. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत एकीकडे घोड्यांचा बाजार, एकीकडे पाळणे आणि मधे कापडी तंबूत किंचाळणारा पडदा. त्या सिनेमांचं गणित साधं होतं : जुनी हवेली, एक शाप, एक धिप्पाड सैतान, मधे गाणी आणि विनोदवीर, शेवटी त्रिशूळ. प्रेक्षक घाबरायचा, पण त्याला पक्कं माहीत असायचं की शेवटच्या दहा मिनिटांत देव येणार. मराठीतही 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) भुताने सुरू होतो आणि त्याचा उलगडा माणसांपाशी होतो. म्हणजे एक तर देव सोडवतो, नाहीतर तर्क. घरी जाताना प्रेक्षकाच्या हातात काहीतरी ठेवलेलं असतं.

'तुंबाड' दोन्ही देत नाही. इथे देवच रोगाचं मूळ आहे, आणि काहीही लपवलेलं नाही. पहिल्या काही मिनिटांत हस्तर कोण, त्याला काय हवं, तो कशाला बिचकतो, सगळं सांगून टाकलेलं असतं. नियम असे : दोरीने गर्भात उतरायचं. पिठाचं रिंगण आखायचं आणि त्याच्या आत राहायचं. मग पिठाची बाहुली काढायची. वासाने तो येणार, बाहुलीवर झडप घालणार, आणि तो खात असतानाच लंगोटीतून जेवढ्या पडतील तेवढ्या मुद्रा उचलून वर यायचं. क्रम चुकला की संपलं. इतकं सगळं ठाऊक असूनही आपण घाबरतो, कारण भीती आता हस्तरची उरलेली नसते, विनायकच्या हिशेबाची असते. एका बाहुलीत किती मुद्रा? एका खेपेत किती? पोरगं सोबत घेतलं तर किती? आपणही मनातल्या मनात तोच हिशेब करू लागतो, आणि तिथेच सिनेमा आपल्याला गाठतो.

त्यातही मला पिठाची कल्पना सगळ्यांत थोर वाटते. आपल्याकडे पीठ म्हणजे चुलीपाशी बसलेली आई, पुरणाचे दिवे, दृष्ट काढायची ओवाळणी, दारातल्या रांगोळीची पांढरी रेघ. भूत अडवायला रिंगण आखायचं हे गावात कोणालाही सांगावं लागत नाही. चकव्यात सापडल्यावर काय करायचं तेही प्रत्येकाला ठाऊक असतं. पण तेच पीठ भुकेल्या देवाला खेचूनही आणतं आणि थोपवूनही धरतं, हे विलक्षण आहे. ज्याला जे मिळालं नाही, त्याचीच त्याला ओढ आणि त्याचीच त्याला धास्ती. ग्रीक कथेतल्या मिडास राजाच्या हाताने अन्नाचं सोनं व्हायचं आणि तो उपाशी राहायचा. हस्तरचं तसं नाही. त्याचं सोनं सोनंच राहतं, फक्त पोट भरत नाही.

शेवटी पोरगा पांडुरंग, बापाहून हुशार, एक तोड काढतो : मुद्रा कशाला वेचायच्या, लंगोटीच पळवू. त्यासाठी एक बाहुली पुरायची नाही, पुष्कळ न्याव्या लागतील. ते पुष्कळ बाहुल्या नेतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला तो एखाद्या गणिताच्या उत्तरासारखा वाटतो. त्यात धक्का नाही, अटळपणा आहे. बाप सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरीवर चढतो, म्हणजे ते त्याच्यामागे लागतील आणि पोर वाचेल. वर येतो तो शिवलेला, सडलेला, पण हातात लंगोटी घेऊन. आणि पोराला ती देऊ करतो. पोर घेत नाही. ज्या शब्दांनी आजीला झोपवायचे त्याच शब्दांनी बापाला झोपवून त्याला आग लावतो. पांडुरंगची भूमिका करणारा मोहम्मद समद हाच मुलगा मेकअपच्या थराखाली ती शापित आजीही झाला आहे. पडद्यावर ते ओळखू येत नाही. पण कळल्यावर त्या घराण्याची पहिली आणि शेवटची पिढी एकाच चेहऱ्याची होती, हा विचार डोक्यातून जाता जात नाही.

दोष नाहीत असं नाही. कोकणातल्या मराठी घरातली आई आपल्या लेकरांशी हिंदीत बोलते हे मराठी कानाला शेवटपर्यंत खुपतं. बायकांच्या वाट्याला या गोष्टीत सोसण्यापलीकडे फारसं येत नाही. ज्योती माळशे यांची आई आणि अनिता दाते यांची वैदेही, म्हणजे विनायकची बायको, या दोघींकडे कॅमेरा जेवढा वेळ थांबतो त्याच्या दुप्पट थांबायला हवा होता, असं मला तरी वाटतं.

आता हा सिनेमा फार थोड्यांना का भावला, ते पाहू. २९ ऑगस्ट २०१८ रोजी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 'क्रिटिक्स वीक' या विभागाची सुरुवात 'तुंबाड'ने झाली. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, आपल्याकडे 'स्त्री' लागला : भूत आणि विनोद, गाणी, कुटुंबासह पाहता येईल असा. तो तुफान चालला. १२ ऑक्टोबरला 'तुंबाड' आला तो 'प्रौढांसाठी' असं प्रमाणपत्र घेऊन, म्हणजे पोराबाळांचं अख्खं घर आधीच बाहेर. मोठा नट नाही, विनोद नाही. भयपट म्हणून जाणाऱ्याला दचकवणारे प्रसंग कमी, आणि पोशाखी ऐतिहासिक म्हणून जाणाऱ्याला पोटात ढवळून येईल असा लालभडक गर्भ. पुढच्याच आठवड्यात 'बधाई हो' आला आणि उरलेले पडदेही गेले. त्या पहिल्या खेपेची कमाई तेरा-चौदा कोटींच्या घरात राहिली. फिल्मफेअरने छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनियोजन अशी तीन पारितोषिकं दिली, आणि जाहीर हिशेब तिथे मिटला.

खरी गंमत नंतर सुरू झाली. सिनेमा मोबाईलवर आला. एकाने पाहिला, दुसऱ्याला सांगितलं. सांगताना 'चांगला आहे' असं कोणी म्हणायचं नाही. 'बघ, मग बोलू' असं म्हणायचे. 'कल्ट' हा शब्द आपण हल्ली कुठल्याही जुन्या सिनेमाला चिकटवतो, पण त्याचा अर्थ हाच आहे. असा सिनेमा गर्दीला आवडत नाही, पण ज्यांना आवडतो ते त्याचे भक्त होतात, पंथ काढतात, पुन्हा पुन्हा पाहतात, आणि न पाहिलेल्या माणसाकडे जरा दयेने बघतात.

अमेरिकेत हा पंथ मध्यरात्रीच्या खेळांतून वाढला. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ साली आपटला. १९७६च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात तो रात्री बाराला दाखवू लागले, आणि बघता बघता लोक पात्रांसारखे कपडे घालून, पडद्याला उलट उत्तरं देत तो पाहायला येऊ लागले. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' १९८२च्या जूनमध्ये आला, प्रेमळ परग्रहवासीयाच्या 'ई.टी.'नंतर बरोबर दोन आठवड्यांनी. रडून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाला लगेच माणसाचं शरीर फाडून निघणारा परग्रहवासी कसा चालणार? आज तोच सिनेमा भयपटांच्या कुठल्याही यादीत वरच्या जागी असतो. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची (१९६८) कथा तर कोर्टात शोभेल अशी आहे. वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नवी पाटी करताना तिच्यावर हक्काची ओळ घालायचीच राहिली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याने तेवढ्यावरून सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. ज्याला हवी त्याने प्रत काढावी, ज्याला हवं त्याने दाखवावं. करणाऱ्यांचं नुकसान झालं, पण तो कानाकोपऱ्यात पोहोचला आणि चालत्या प्रेतांची अख्खी शाखा त्यातून फुटली. 'तुंबाड'च्या वेळी हे काम कायद्याच्या चुकीने नाही, स्वस्त झालेल्या इंटरनेटने केलं.

मग १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा थिएटरात लागला. शेजारच्या पडद्यावर 'स्त्री २' अजून चालू होता. सहा वर्षांपूर्वीचीच जोडी पुन्हा आमनेसामने. या वेळी पहिल्या शुक्रवार ते रविवारची तिकीटविक्रीच २०१८च्या त्याच तीन दिवसांच्या दुपटीहून जास्त झाली आणि एकूण आकडा तीस कोटींच्या पुढे गेला. जुना सिनेमा पुन्हा लावून आधीपेक्षा जास्त मिळवणं आपल्याकडे क्वचित घडतं. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. एका बाहुलीवर थांबायचं की पुष्कळ न्यायच्या, हा प्रश्न निर्मात्यांसमोर आता खरोखरच उभा आहे, असं म्हणायचा मोह आवरत नाही.

हे सगळं झालं पडद्यावरचं. पण आमच्याकडे गुप्तधन म्हणजे नुसती गोष्ट नाही. हंडा वर काढायचा म्हणून अंगारे-धुपारे, अंजन घालून बसवलेली पायाळू मुलं, कोंबड्या-बकऱ्यांपासून कधी कधी माणसापर्यंत पोहोचलेला बळी : या बातम्या महाराष्ट्रात अजून येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्याची वर्षं घातली, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरमध्ये कायदा म्हणून आला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार त्याच्या अनुसूचीत स्पष्ट नोंदलेले आहेत. त्यामानाने इंग्रजांचा १८७८चा निखात निधी अधिनियम फारच कोरडा आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. धनावर हक्क सांगणारा मालक निघाला नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाचं. म्हणजे १९३३ साली विनायकरावांनी रीतसर अर्ज केला असता तर हस्तरशी व्यवहार सरकारदप्तरी नोंदला गेला असता. 'जमिनीचा मालक' या रकान्यात देवीचं नाव कसं लिहायचं, यावर मामलेदार कचेरीत एक फाइल बरीच वर्षं फिरली असती. आणि १९४७ मध्ये नवं सरकार वाडा ताब्यात घेणार म्हटल्यावर विनायकची जी घालमेल होते ती कुठल्याही खोताला ओळखीची वाटेल.

आणि आमचं टेकाड? ते खणून झालेलं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५च्या हंगामात प्रकाशाच्या पांढरीत उत्खनन केलं आणि त्याचा तपशीलवार वृत्तांत पुढे 'एन्शंट इंडिया'मध्ये छापला. एकावर एक साचलेल्या वस्तीचे थर पन्नास फुटांहून जास्त जाडीचे निघाले. तळाशी ताम्रपाषाण युगातली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं. त्यांची रंगवलेली मडकी, गारगोटीची बारीक पाती, मणी. मग मधे वस्ती तुटल्याचा काळ. मग लोखंड वापरणारे लोक. त्यांच्यावर आणखी, आणखी, थेट अकराव्या शतकापर्यंत. खाली उतरावं तसं जुनं लागत गेलं.

हे मी गावात पुष्कळांना सांगितलं आहे, मडक्यांसकट. ऐकणारा मान हलवतो, साडेतीन हजार वर्षं म्हटल्यावर "बाप रे" म्हणतो, थोडा वेळ गप्प बसतो. मग इकडे तिकडे बघून, आवाज जरा खाली आणून विचारतो, "ते सगळं ठीक आहे हो. पण हंडा कुठल्या थरात होता?"